कून व्हॅली : महामंदीतील संवर्धन दलाने एका पाणलोटात काय साधले

अमेरिकेतील महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी उभ्या केलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या दलाची, म्हणजेच सीसीसीची, कामगिरी सांगताना बहुधा मोठमोठ्या आकड्यांची यादीच पुढे केली जाते. १९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत सुमारे ३० लाख माणसे या दलात काम करून गेली, त्यांनी सुमारे ३०० कोटी झाडे लावली, तीन हजारांहून अधिक वणवा-टेहळणी मनोरे उभारले, राज्य उद्यानांची शेकड्यांनी भर घातली. हे आकडे खोटे नाहीत. मात्र लावलेल्या झाडांपैकी जगली किती, घातलेला बांध पुढच्या पिढीच्या उपयोगी पडला की नाही आणि झालेल्या बदलाचे श्रेय दलाच्या कुदळीला द्यायचे की आणखी कशाला, हे त्यांवरून कळत नाही. हे प्रश्न तपासायचे असतील तर एखादे असे ठिकाण निवडावे लागते, जिथे काम कुणी केले, कुणाच्या जमिनीवर केले आणि त्यानंतर काय घडले याची नोंद बऱ्याच वर्षांची आहे. विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागातील कून क्रीक या ओढ्याचे खोरे असे ठिकाण आहे. सुमारे ९०,००० एकरांच्या या पाणलोटात अमेरिकेतील मृद्संधारणाचा पहिला प्रात्यक्षिक प्रकल्प झाला, आणि तेथील गाळ १९३० च्या दशकापासून वेळोवेळी मोजला गेला आहे.

घाईने उभे राहिलेले दल

४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट यांनी शपथ घेतली तेव्हा देशातील कष्टकऱ्यांपैकी जवळपास दर चौथा माणूस बेकार होता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संवर्धनकामाच्या कायद्यावर त्यांची सही झाली, ७ एप्रिलला पहिल्या तरुणाची भरती झाली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात पहिली छावणी उभी राहिली. जुलैच्या सुरुवातीस अडीच लाखांहून अधिक माणसे सुमारे १,३०० छावण्यांत कामाला लागली होती. शांततेच्या काळात इतकी माणसे इतक्या थोड्या दिवसांत हलवण्याचे काम अमेरिकन सरकारने त्याआधी कधी केले नव्हते, आणि ते पार पडले याचे कारण त्यासाठी नवे खाते काढण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही. तरुण निवडण्याचे काम कामगार खात्याकडे गेले. त्यांना वाहून नेणे, कपडे-अन्न-निवारा देणे आणि छावणीची शिस्त राखणे हे लष्कराने घेतले. प्रत्यक्ष काम कोणते आणि कसे करायचे, हे कृषी व गृह या दोन खात्यांच्या वनाधिकाऱ्यांनी आणि अभियंत्यांनी ठरवायचे होते. (अमेरिकेतील गृह खात्याचा संबंध पोलिसांशी नसून सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्याने आणि मूळ रहिवाशांच्या प्रदेशांशी असतो.) संचालकपदी रॉबर्ट फेक्नर यांची नेमणूक झाली. ते यंत्रकामगारांच्या संघटनेचे नेते होते. दिवसाला एका डॉलरवर लष्करी शिस्तीत राबवून घेण्याच्या या कल्पनेला कामगार संघटनांचा कडवा विरोध होता, त्यामुळे त्यांच्यातलाच माणूस डोक्यावर बसवणे हा रूझवेल्ट यांचा हिशेबी डाव होता.

भरतीच्या अटी सोप्या होत्या. तरुण अविवाहित, बेकार आणि सुरुवातीच्या नियमानुसार १८ ते २५ वर्षांचा असावा आणि त्याचे कुटुंब सरकारी मदतीच्या यादीत असावे. महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतील २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात. ही योजना इतकी लोकप्रिय का झाली, याचे उत्तर झाडांपेक्षा या २५ डॉलरमध्ये अधिक सापडते. पोराच्या हातात पाच डॉलर राहत, ते छावणीतल्या दुकानात किंवा जवळच्या गावात खर्च होत. घरी गेलेल्या पैशावर वाण्याची उधारी फिटे. जंगलात काम करणाऱ्या पोराचा पगार अशा रीतीने शहरातल्या किंवा खेड्यातल्या भाकरीपर्यंत पोहोचत होता, आणि वाटेत तो कुणाच्या हाताला लागणार नाही अशी व्यवस्था मुळातच केलेली होती. छावण्यांतील रात्रीच्या वर्गांत चाळीस हजारांहून अधिक निरक्षर तरुण लिहावाचायला शिकले. त्या काळच्या अमेरिकेत इतके तरुण निरक्षर होते, हीच अनेक अमेरिकनांना नवी माहिती होती.

पहिल्या वर्षी बहुतेक छावण्या राष्ट्रीय वनांत आणि उद्यानांत गेल्या, कारण तिथली जमीन सरकारची होती आणि कुणाची परवानगी लागत नव्हती. मातीची खरी नासाडी मात्र खाजगी शेतांत चालली होती. सरकारी पैशावर पोसलेले मजूर खाजगी माणसाच्या शेतात उतरवायचे कसे, हा कायद्याचा आणि राजकारणाचा नाजूक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कून व्हॅलीत शोधले गेले.

खोरे

विस्कॉन्सिनचा हा कोपरा हिमयुगातल्या हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला, त्यामुळे आजूबाजूचा प्रदेश सपाट झाला तरी इथे उंच सपाट माथे, तीव्र उतार आणि अरुंद दऱ्या शिल्लक राहिल्या. माथ्यावर चुनखडकाची टोपी, खाली वालुकाश्म आणि या सगळ्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पोयट्याचा जाड थर. ही माती कसदार असते, भुसभुशीत असते आणि वाहत्या पाण्यापुढे अजिबात टिकत नाही. कून क्रीक अशाच टेकड्यांतून वाहत जाऊन ला क्रॉस शहराच्या दक्षिणेस मिसिसिपी नदीला मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे प्रामुख्याने नॉर्वेहून आलेली कुटुंबे वसली. आधी त्यांनी गहू केला. तो व्यवसाय बसल्यावर दूधधंदा वाढला आणि त्याबरोबर मका, ओट आणि काही भागांत तंबाखू आली.

वसाहतीच्या वेळी सरकारी मोजणी चौकोनी झाली होती. शेतेही चौकोनी पडली, आणि चौकोनी शेत सरळ तासात नांगरायचे म्हणजे अर्ध्या वेळा उताराच्या दिशेनेच नांगर चालणार. सरळ तास हा चांगल्या शेतकऱ्याच्या हाताचा पुरावा मानला जाई. त्याहून मोठे नुकसान गुरांनी केले. उतारावरच्या ओक वृक्षांच्या रानात गुरे मोकळी सोडली जात. त्यांनी रोपटी खाल्ली, पालापाचोळ्याचा थर खुरांनी तुडवून घट्ट केला, आणि वरच्या रानातून मुरत-मुरत उतरणारे पाणी सरळ खालच्या शेतात कोसळू लागले. उतारांना ओघळी पडल्या, ओघळींच्या घळी झाल्या आणि घळी दरवर्षी वरच्या बाजूला सरकत शेते चिरत गेल्या. वाहिलेल्या मातीचा फार थोडा भाग मिसिसिपीपर्यंत पोहोचला. बाकीची माती खोऱ्याच्या तळाशी बसली. १९२० आणि १९३० च्या दशकांत खालच्या भागातील पूरमैदानावर काही ठिकाणी वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर गाळ चढत होता. कुंपणे, पूल, रस्ते त्याखाली जात होते आणि ज्याचे शेत तळाला आहे त्याला वरच्या शेजाऱ्याची माती नको असताना मिळत होती.

करार

मृद्सर्वेक्षक ह्यू हॅमंड बेनेट कित्येक वर्षे मातीच्या धुपेबद्दल कंठशोष करत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आधीच धूप-संशोधन केंद्रांसाठी पैसा दिला होता आणि त्यांतील एक केंद्र ला क्रॉसजवळ होते. १९३३ च्या शरद ऋतूत गृह खात्यात मृद्धूप सेवा स्थापन झाली, तिला सार्वजनिक कामांच्या निधीतून ५० लाख डॉलर मिळाले आणि बेनेट तिचे प्रमुख झाले. (नोकरशाहीतली ओढाताण होऊन १९३५ मध्ये ती कृषी खात्यात गेली आणि तिचे नाव मृद्संधारण सेवा झाले.) पहिले प्रात्यक्षिक कुठे करायचे, हे ठरवताना ला क्रॉसचे केंद्र आणि घळ-नियंत्रणाचे काम आधीपासून करणारे विस्कॉन्सिन विद्यापीठ या दोन्ही गोष्टी कून व्हॅलीच्या बाजूने होत्या.

बेनेट यांच्या माणसांनी पाणलोट हे एकक धरले आणि शेतकऱ्याला पाच वर्षांच्या कराराचा प्रस्ताव दिला. सरकारकडून त्याला रोपे, बियाणे, चुना, खत, कुंपणाची तार आणि सीसीसीचे मजूर मिळणार होते. त्या बदल्यात त्याने शेताच्या नकाशावर आखलेल्या योजनेप्रमाणे शेती करायची होती. तीव्र उताराच्या रानात चराईबंदी, मध्यम उतारावर समपातळी नांगरणी आणि पट्टा पद्धतीची पीकरचना, आणि नांगराखालची काही जमीन कायमच्या कुरणासाठी सोडणे अशी तिची ठळक कलमे होती. खोऱ्यातील सुमारे आठशे शेतकऱ्यांपैकी चारशेहून अधिक जणांनी सह्या केल्या. सक्ती कुणावर नव्हती. निम्मे शेतकरी बाहेर राहिले ही बाब काहींना अपयश वाटेल, पण १९३३-३४ साली सरकारी साहेबाच्या सांगण्यावरून वाकडे तास घालायला निम्मे लोक तयार झाले, हेच मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. दुधाचे भाव पडले होते, चुना आणि बियाणे फुकट मिळत होते आणि कुंपण घालायला सरकारी पोरे येणार होती. करारावर सही करायला मातीचे प्रेम लागत नव्हते, एवढा व्यवहार पुरेसा होता.

पोरांनी केलेली कामे

सीसीसीची ठराविक छावणी सुमारे २०० जणांची असे. पहाटे बिगूल, नाश्ता, मग ट्रकमधून कामावर, संध्याकाळी परत आल्यावर जेवण आणि वर्ग. छावणीचा ताबा लष्करी अधिकाऱ्याकडे असला तरी कामाच्या जागी हुकूम चालत तो मृद्संधारणाच्या तंत्रज्ञांचा आणि मुकादमांचा. बहुतेक पोरांनी आयुष्यात कधी पहार हातात धरली नव्हती. त्यांना शिकवण्यासाठी आसपासची अनुभवी माणसे वेगळी घेतली जात. ही युक्ती स्थानिकांचा राग शमवण्यासाठी काढलेली होती, पण तिचा खरा फायदा कामाच्या दर्जाला झाला.

कून व्हॅलीत या पोरांनी उतारावरच्या रानांना कुंपणे घातली, म्हणजे गुरे आत जाणार नाहीत. घळींच्या माथ्याशी आणि पोटात दगडाचे, लाकडाचे, तारेच्या जाळीचे लहान बांध घातले. शेतात समपातळी रेषा आखण्यासाठी खुंट्या रोवल्या. उघडे पडलेले उतार आणि ओढ्याचे ढासळते काठ यांवर रोपे लावली. वन्यजीव तज्ज्ञांच्या सल्ल्याने हिवाळ्यात पक्ष्यांसाठी दाण्याची ठिकाणे मांडली आणि झुडपांचे पट्टे राखले. या शेवटच्या कामामागे विस्कॉन्सिन विद्यापीठात नुकतेच शिकारयोग्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे प्राध्यापक झालेले आल्डो लिओपोल्ड होते.

लिओपोल्ड यांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावा लागतो. ते या दलाचे भाट नव्हते. त्याच काळात त्यांनी इतर छावण्यांच्या कारभारावर बोचरी टीका केली. एक तुकडी ट्राउट माशांसाठी ओढ्यात आडोसे बांधते आणि दुसरी तुकडी रस्त्यासाठी शेजारची मातीची दरड कापून त्याच ओढ्याचे पाणी गढूळ करते. एक तुकडी रानातली वाकडी म्हातारी झाडे आणि कडेची झुडपे साफ करते आणि त्याच झुडपांत राहणाऱ्या पक्ष्यांसाठी दुसरी तुकडी तळमळत असते. आपल्याकडे नवा रस्ता होताच पाण्याच्या नळासाठी तो खणणाऱ्या नगरपालिकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. प्रत्येक तुकडी आपापल्या वरिष्ठाचे काम चोख करत होती, पण जमीन एकच आहे याची आठवण ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. कून व्हॅलीचे त्यांना अप्रूप वाटले ते यामुळेच. इथे शेत, कुरण, रान, ओढा आणि पक्षी हे सगळे एकाच शेतकऱ्याच्या एकाच नकाशावर मांडले गेले होते, आणि मजुरांची तुकडी त्या नकाशाच्या हाताखाली होती.

पट्टा पद्धतीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सगळ्या प्रकल्पाचे यश तिच्यावर उभे आहे. उतारावर समपातळीत लांब पट्टे आखायचे. एका पट्ट्यात मका, त्याखालच्या पट्ट्यात ओट, त्याच्या खाली लसूणघास किंवा क्लोव्हर यांसारखे चाऱ्याचे पीक, आणि दरवर्षी पिकांची जागा फेरपालटाने सरकवायची. मक्याच्या उघड्या सऱ्यांतून निघालेले पाणी चार पावले गेले की दाट गवतात अडते, माती तिथेच टाकते आणि मुरते. या मातीत लसूणघास यायला चुना लागतो, आणि म्हणून करारात चुना होता. लसूणघास आली की ती तीन-चार वर्षे उभी राहते, तितकी वर्षे ती जमीन नांगरावी लागत नाही आणि गाईंना उत्तम चारा मिळतो. माती वाचवणारे पीक आणि दूध वाढवणारे पीक एकच निघाले, हा या खोऱ्याच्या नशिबाचा भाग होता. गव्हाच्या किंवा कापसाच्या प्रदेशात हेच पट्टे शेतकऱ्याच्या गळी उतरवणे इतके सोपे गेले नाही.

गाळाचा हिशेब

१९३८ मध्ये मृद्संधारण सेवेच्या लोकांनी खोऱ्यात आडव्या रेषा आखून पूरमैदानाची उंची मोजून ठेवली. पुढे भूगोलशास्त्रज्ञ स्टॅनली ट्रिम्बल यांनी याच रेषा १९७० च्या दशकात शोधून काढल्या आणि पुन्हा मोजल्या, त्यानंतर १९९० च्या दशकात आणखी एकदा. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार १९७५ ते १९९३ या काळात खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या सुमारे ६ टक्क्यांवर आला होता. ओढ्याचा पूर ओसरण्याची पद्धतही बदलली. अचानक येणारे लोंढे कमी झाले, पावसाळ्याबाहेरचा प्रवाह वाढला, पाणी थंड व निवळ झाले आणि ट्राउट परतला. आज या भागात गळ टाकायला दूरदूरची माणसे येतात.

या घटीचे श्रेय वाटताना जपून बोलायला हवे. सीसीसीच्या पोरांनी घातलेले घळबांध पाहायला ठसठशीत होते आणि छायाचित्रांत तेच दिसतात, पण गाळ कमी होण्यात त्यांचा वाटा लहान होता. मोठा वाटा पट्टे, फेरपालट, चुना आणि चराईबंदी यांचा, म्हणजे शेतकऱ्याने दरवर्षी स्वतः करायच्या गोष्टींचा होता. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी दल विसर्जित झाल्यानंतरच्या तीन-चार दशकांत पसरल्या. मग दलाने केले काय? त्याने पहिल्या वर्षीचा खर्च आणि पहिल्या वर्षीची मेहनत शेतकऱ्याच्या अंगावरून काढून घेतली. मैलोगणती कुंपण एकट्या कुटुंबाने घालायचे म्हटले असते तर चराईबंदी कागदावरच राहिली असती. पट्टे आखून मिळाले, कुंपण उभे राहिले, चुना पसरला गेला, आणि दोन-तीन हंगामांत करारात नसलेल्या शेजाऱ्यालाही फरक बांधावरून दिसू लागला. त्यानंतर खोऱ्याबाहेरचे शेतकरी पट्टे घालू लागले ते कुणी सरकारी माणूस गेला नव्हता तरी.

या अनुभवातून निघालेली रचना देशभर गेली. मृद्संधारण सेवेच्या हाताखाली पुढे सीसीसीच्या चारशेहून अधिक छावण्या चालल्या. १९३७ च्या सुरुवातीस रूझवेल्ट यांनी सर्व राज्यपालांना मृद्संधारण जिल्ह्यांच्या (म्हणजे प्रशासकीय जिल्हे नव्हे, तर मातीच्या कामासाठी आखलेल्या स्थानिक क्षेत्रांच्या) आदर्श कायद्याचा मसुदा पाठवला, त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनात पहिला जिल्हा स्थापन झाला, आणि शेतकऱ्यांनीच चालवलेले असे सुमारे तीन हजार जिल्हे अमेरिकेत आज आहेत. योगायोग असा की १९३३ सालीच सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते आणि मुंबई सरकारने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा करून बांधबंदिस्तीला आधार दिला. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघून चालले होते असे नाही. उतारावरच्या जमिनीपुढे त्या दशकात जगभर तोच प्रश्न उभा होता. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर जी कामे निघाली त्यांतही समपातळी बांध आणि नालाबांध हीच मुख्य होती. ज्या वाचकाने देखभालीअभावी फुटलेले तसले बांध पाहिले आहेत, त्याला कून व्हॅलीतला शेतकऱ्याबरोबरचा पाच वर्षांचा करार ही नुसती कागदी बाब वाटणार नाही.

दलाची उरलेली बाजू

कून व्हॅलीच्या शेजारी ठेवून पाहिले की दलाच्या बाकीच्या कामाचे मोल वेगवेगळे दिसते. डेन्व्हरजवळ लाल खडकांच्या मधोमध पोरांनी हातांनी घडवलेले रेड रॉक्स हे खुले नाट्यगृह १९४१ मध्ये पूर्ण झाले आणि आजही भरलेले असते. वणवे विझवण्यात दलाची लाखो दिवसांची मजुरी गेली, आणि ते काम जीवघेणे होते. ऑगस्ट १९३७ मध्ये वायोमिंगच्या शोशोनी राष्ट्रीय वनात ब्लॅकवॉटर वणव्यात १५ जण मेले, त्यांतील बहुतेक सीसीसीची पोरे होती. दक्षिणेकडील राज्यांत धूप थांबवण्यासाठी कुडझू नावाची जपानी वेल मोठ्या प्रमाणावर लावली गेली, आणि ती वेल आज झाडांवर, तारांवर, पडक्या घरांवर चढलेली दिसते. डोंगरमाथ्यावरून पर्यटकांसाठी काढलेल्या रस्त्यांनी काही निसर्गप्रेमी इतके अस्वस्थ झाले की १९३५ मध्ये रानाला रान ठेवण्यासाठी त्यांनी वेगळी संस्थाच काढली, आणि तिच्या संस्थापकांत लिओपोल्डही होते.

सामाजिक बाजूने पाहिले तर दलाचा कायदा दलापेक्षा पुढे होता. त्या वेळी काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांच्या सूचनेवरून भरतीत वंश, वर्ण वा पंथावरून भेदभाव करू नये असे कलम कायद्यात आले. प्रत्यक्षात जॉर्जियासारख्या राज्यांत स्थानिक अधिकाऱ्यांनी कृष्णवर्णीय तरुणांना सुरुवातीला घेतलेच नाही, आणि वॉशिंग्टनहून दटावणी आल्यावर थोडेफार घेतले. १९३५ मध्ये फेक्नर यांनी छावण्याच वंशानुसार वेगळ्या केल्या. तरीही दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय तरुण दलातून गेले. मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र विभाग होता, त्यात वयाची अट नव्हती, बरेच लोक घरी राहूनच आपल्या जमिनींवर काम करत, आणि सुमारे ८५,००० जणांनी तसे केले. स्त्रियांना दलात जागा नव्हती. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहामुळे त्यांच्यासाठी वेगळ्या छावण्या निघाल्या, पण त्यांतून साडेआठ हजारांच्या आसपास स्त्रियाच गेल्या आणि त्यांना जमिनीवरचे तसे काम मिळाले नाही.

खर्चाचा आक्षेप पहिल्यापासून होता. एका माणसामागे वर्षाला सुमारे १,००० डॉलर लागत, साध्या सरकारी मदतीपेक्षा कितीतरी अधिक. रूझवेल्ट यांनी दल कायमचे करायचे म्हटले, पण काँग्रेसने १९३७ मध्ये मुदत वाढवून दिली एवढेच. पुढे कारखाने युद्धसाहित्याच्या मागणीने भरले, तरुण सैन्यात किंवा नोकरीत गेले, आणि १९४२ च्या जूनअखेर काँग्रेसने पैसा थांबवला.

धरणे आणि नंतर

कून क्रीकची गोष्ट १९४२ ला संपत नाही, आणि तिचा नंतरचा भाग या प्रकरणात घ्यावाच लागतो, कारण त्यात दुसरी एक पद्धत तपासून पाहता येते. १९६० च्या दशकात या खोऱ्यात आणि शेजारच्या किकापू नदीच्या पश्चिम फाट्यावर पूर अडवण्यासाठी मातीची धरणे बांधली गेली. त्यात सीसीसीचा हात नव्हता. २०१८ च्या ऑगस्टअखेर रात्रीत कोसळलेल्या प्रचंड पावसाने त्यांतील पाच धरणे फुटली, त्यांपैकी तीन कून क्रीकच्या खोऱ्यातील होती. फुटण्याची जागा बहुतेक ठिकाणी धरणाच्या मुख्य भिंतीत नव्हती. भिंत ज्या टेकडीत रोवली होती ती बाजूची टेकडीच भेगाळलेल्या वालुकाश्माची असल्याने खचली. कून व्हॅली गावातून लोंढा गेला. संघीय मृद्संधारण यंत्रणेने पुढे केलेल्या अभ्यासात ही धरणे पुन्हा बांधण्यापेक्षा मोडीत काढण्याकडे कल आला, कारण त्याच खडकात नवी भिंत रोवण्याचा खर्च तिच्या उपयोगापेक्षा कितीतरी जास्त निघत होता.

त्या पुरानंतर खोऱ्यातील शेतकरी आणि रहिवासी यांनी कून क्रीकसाठी पाणलोट परिषद स्थापन केली. तिच्यापुढचा प्रश्न १९३३ च्या प्रश्नाहून अवघड आहे. लहान दूधधंदे बंद पडत आहेत, गाई गेल्या की चाऱ्याची गरज जाते, आणि लसूणघासेच्या पट्ट्याची जागा मका आणि सोयाबीन घेतात. रुंद यंत्रांना वळणदार अरुंद पट्टे अडचणीचे होतात, म्हणून काही ठिकाणी ते मोडून शेते पुन्हा मोठी केली जात आहेत. जुन्या काळात तळाशी साचलेला गाळ आता ओढा काठाकाठाने कापतो आहे. पावसाचे झोतही वाढले आहेत. परिषदेतील शेतकरी आच्छादन पिके, कायमची कुरणे आणि फेरचराई यांची प्रात्यक्षिके एकमेकांच्या शेतांवर घेतात. शासकीय अनुदान मिळते, पण कुंपण घालायला दोनशे पोरांची छावणी यापुढे येणार नाही, आणि दुधाच्या भावाने पूर्वी जे काम आपोआप करून घेतले त्याची जागा कोणत्या पिकाने भरायची, यावर त्यांच्या बैठकांत अजून एकमत झालेले नाही.